पाठ नसलेली लक्ष्मी

दिनानाथ घैसास रोज सकाळी सव्वानऊला खिडकीपाशी बसत आणि दहाला उठत. मधल्या पाऊण तासात ते लोकांना ‘नाही’ म्हणत. काशीत दुर्गाघाटाच्या त्या बोळात ऊन येतं तेच मुळी तेवढ्यापुरतं, समोरच्या गच्चीच्या कठड्यावरून तिरकं उतरून. आणि नाणं वाचायचं तर असं तिरकंच ऊन लागतं. विजेच्या दिव्याखाली सगळी नाणी साळसूद दिसतात, असं त्यांचं ठाम मत होतं. त्यामुळे येणाऱ्यांना त्या पाऊण तासातच यावं लागे, आणि तरी लोक येत. दूधवाला येई, शाळामास्तर येई, एकदा तर वरातीतला बँडवाला गळ्यातल्या ताशासकट येऊन बसला होता.

सगळ्यांनी मोबाइलवर तेच ते पाहिलेलं असे. घरातलं जुनं नाणं लाखाला जातं, छापताना चुकलेलं असेल तर विचारूच नका, असं कुणीतरी टाय लावून सांगत असतो. मग माणूस गल्ला उपसतो, देवापुढची वाटी उपसतो, आणि काहीतरी वाकडंतिकडं हाताला लागलं की ते रुमालात बांधून घैसासांची पायरी चढतो.

मार्गशीर्षात असाच एक नावाडी आला. रुमाल सोडून त्याने दहा रुपयाच्या नाण्याची नुसती बाहेरची कडी पुढे ठेवली.

“चाचा, देखिए, बीच वाला हिस्सा ही नहीं है. मशीन से ही छूट गया है न?”

दिनानाथांना भिंग उचलावंही लागलं नाही. कडीचा रंग करपलेल्या पोळीसारखा झाला होता. पलीकडे मणिकर्णिकेवर चितांची राख पाण्यात चाळतात, एखादा सोन्याचा कण मिळाला तर मिळाला म्हणून. त्यात अशी नाणी निघतात. आगीत दोन धातू दोन तऱ्हांनी फुगतात आणि मधली चकती गळून पडते.

“टकसाल की गलती नहीं है, भैया. आग की है.”

“तो कितने का हुआ?”

“दस का भी नहीं रहा.”

नावाडी रागावला नाही. रागावणारे परवडतात, ते दार आपटून जातात तरी. हा नुसता बसून राहिला, कडीतून आरपार बघत, आणि मग म्हणाला की बायकोला सांगून बसलोय. दिनानाथांनी त्याला चहा पाजला. अशा चहावर त्यांची निम्मी साखर संपत असे.

टांकसाळीत ठसा सरकला, चकती दोनदा छापली गेली, आधीचं नाणं ठशाला चिकटून पुढच्यावर त्याची उलटी छाप उमटली, तर ती चूक. आणि टांकसाळीच्या दाराबाहेर पडल्यावर जे होतं, रुळावर ठेवलं, हातोडीने ठोकलं, गंगेच्या गाळात पडून झिजलं, ती इजा. चुकीला मोल आहे, इजेला नाही. एवढं साधं आहे, पण ते एकेका माणसाला त्याच्या तोंडावर सांगायचं म्हणजे जिवावर येतं. चौदा वर्षं सांगून सांगून दिनानाथ पार थकले होते. अंग थकतं तसं नव्हे. दारावरची कडी वाजली की उठूच नये असं वाटे, तसे.

“डॉक्टरसुद्धा दहातल्या चौघांना बरे आहात म्हणतो,” त्यांची बायको शरदिनी कप विसळता विसळता म्हणाली. “तुम्ही आजवर एकाला तरी हो म्हटलंत का?”

“एकाला म्हटलंय.”

“ते माहीत आहे मला,” शरदिनी म्हणाली आणि कप पालथे घालू लागली, कारण तो विषय घरात काढायचा नसे.

दिनानाथांचे वडील वेदपाठशाळेत शिकवत. त्या घरात एक मात्रा चुकली की कान पिळला जाई आणि दुसरी चुकली की जेवण उशिरा मिळे. दिनानाथांना पाठांतर कधी जमलं नाही. शेजारचा गोपीनाथ मात्र एकदा ऐकलं की घडाघडा म्हणे आणि वर दिनूच्या जागीही हळूच म्हणून देई, मास्तरांची पाठ फिरली की. पुढे गोपीनाथ संकठाघाटावर पौरोहित्य करू लागला आणि दिनानाथ बँकेत लागले. तिथे तिजोरीच्या खोलीत टांकसाळीहून नाण्यांच्या सीलबंद गोण्या येत. एकदा गोणी फोडताना त्यांच्या हाती एक रुपया आला. त्याच्या एका अंगाला सिंह वर आलेला होता आणि दुसऱ्या अंगाला तोच सिंह आत खचलेला, उलट्या तोंडाचा. त्यांनी खिशातला चांगला रुपया गोणीत टाकला आणि तो घरी नेला. रात्रभर त्यांना आनंदाने झोप आली नाही, असं ते स्वतः सांगत. एवढ्या मोठ्या सरकारी यंत्राचीसुद्धा मात्रा चुकते आणि कुणी त्याचा कान पिळत नाही, याचं त्यांना फार बरं वाटलं होतं. निवृत्त होईपर्यंत पेढ्यांच्या एका पत्र्याच्या डब्यात अशी त्रेसष्ट नाणी जमली. विकलं एकही नाही. जमवलेलं विकायचं नाही, आणि काही झालं तरी नाणं धुवायचं नाही, हे दोन नियम. धुतलेल्या नाण्याचं अंग मरतं, पारखी त्याला हात लावत नाही.

तर ज्याला ‘हो’ म्हटलं तो हा गोपीनाथ.

चौदा वर्षांपूर्वी दक्षिणेच्या ताटात त्याला पाच रुपयांचं एक नाणं मिळालं होतं, ते जुनं जाडजूड. दोन्ही बाजूंना सिंह. पाचाचा आकडा नाही, सालही नाही. गोपीनाथाची बायको अंबिका हिने ते बघितलं मात्र, आणि थेट देव्हाऱ्यात नेऊन ठेवलं. तिचं म्हणणं सरळ होतं. नाण्याला तोंड असतं आणि पाठ असते. हिला दोन्हीकडे तोंडच आहे. म्हणजे ही आपल्याकडे कधी पाठ न फिरवणारी लक्ष्मी. रोज हळदकुंकू सुरू झालं. सहा महिन्यांनी गोपीनाथाला सुचलं की दिन्याला दाखवावं, आणि तो ते तबकात घालून, वर फूल ठेवून घेऊन आला.

दिनानाथांनी त्या दिवशी भिंग तीनदा पुसलं होतं. टांकसाळीत चुकून दोन्ही ठसे सिंहाचे बसले तरच असं नाणं पडतं, आणि असं नाणं बघायला मिळणं म्हणजे जन्माचं सार्थक. मात्र असं नाणं कारागीर बनवूही शकतो, एक पोखरून त्यात दुसरं बसवून. मग काठाच्या आत केसाएवढी सांध्याची रेघ राहते. ती बघायची तर काठ स्वच्छ हवा. आणि काठात सहा महिन्यांचं हळदकुंकू गच्च बसलेलं. धुवायचं नाही, हा त्यांचा नियम. शिवाय पूजेतली वस्तू. दुसरी परीक्षा म्हणजे नाणं फरशीवर टाकून वाजवायचं, अखंड असेल तर ते खणखणतं. पण दारात अंबिका उभी होती, हात जोडून. तिच्यासमोर लक्ष्मी जमिनीवर कशी आपटणार? तिसरं वजन. ते जरासं जास्त भरलं, तर ते कुंकवाचं असणार असं त्यांनी धरलं. मग बँकेच्या एका कोऱ्या स्लिपच्या पाठीमागे त्यांनी लिहून दिलं, ‘टांकसाळीतील चूक. अस्सल. दि. घैसास.’

पुढच्या रविवारी एका हिंदी वर्तमानपत्रात बातमी आली, दिनानाथांच्या फोटोसकट. दुर्लभ सिक्कों के पारखी. लोक दारी यायला लागले ते त्या बातमीनंतर.

दोन वर्षांपूर्वी गोपीनाथाची दोन्ही मूत्रपिंडं गेली. दिनानाथ रोज जाऊन बसत. एक दिवस त्यांनी सांगितलं, ते नाणं काढ, मी गिऱ्हाईक बघतो, लखनौला मोठ्या दवाखान्यात जाऊ. गोपीनाथ उशीवर मान हलवून म्हणाला, “घरची लक्ष्मी विकायची नसते, दिन्या.” तीनदा विचारलं, तीनदा तेच. चौथ्या वेळी दिनानाथांचा तोल गेला.

“मग तिच्यासमोरच मर,” ते म्हणाले आणि चपला घालून निघून आले.

त्यानंतर ते गेले नाहीत. उद्या जाऊ, परवा जाऊ करता करता अकरा दिवस गेले आणि बाराव्या दिवशी पहाटे निरोप आला. तेव्हापासून ते गोपीनाथावर रागावलेले होते. मेलेल्या माणसावर रागावून राहणं फार कष्टाचं असतं, पण तो राग सोडला असता तर तो दुसऱ्या कुणावर धरायचा ते त्यांना ठाऊक होतं, म्हणून त्यांनी तो घट्ट धरून ठेवला होता.

आणि आता अंबिकावहिनींचे गुडघे गेले. मूलबाळ नाही, संकठादेवीच्या मागच्या गल्लीत तिसऱ्या मजल्यावर एकटीचं राहणं. कार्तिकस्नान न चुकवणारी बाई वर्षभर घाटाची पायरी उतरली नव्हती. डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही बदलायला हवेत. त्याच सुमारास पुण्याहून वैदेही आगाशे नावाच्या एका बाईंचा फोन आला. त्या चुकीचीच नाणी जमवत. ती जुनी बातमी त्यांना कुठेतरी सापडली होती. त्यांनी जी किंमत सांगितली ती ऐकून दिनानाथ खुर्चीतून उठून उभे राहिले. एका गुडघ्याचं नक्की झालं असतं. जरा ताणून धरलं तर दोन्हींचं.

एकदा गोपीनाथाच्या हट्टापायी हात चोळत बसावं लागलं. या वेळी ऐकायचं नाही, असं त्यांनी ठरवलं.

पण वहिनी दाद देईनात. पहिल्यांदा गेले तेव्हा म्हणाल्या, “आज एकादशी आहे, भावजी, आज तो विषय नको.” दुसऱ्यांदा म्हणाल्या, ग्वाल्हेरच्या पुतण्याला विचारायला पाहिजे. तिसऱ्यांदा तर मार्गशीर्षातले गुरुवारच पुढे केले. “व्रत चालू असताना लक्ष्मी हलवत नाहीत. आपला मार्गशीर्ष संपू द्या.” आता शेजाऱ्यांचा पौष लागून दहा दिवस झाले होते, त्यांचा महिना पौर्णिमेलाच बदलतो, आपला मात्र अमावास्येपर्यंत चालणार. जिना उतरताना दिनानाथांनी गोपीनाथाला मनातल्या मनात चार शिव्या हासडल्या. गेला तो गेला आणि बायकोलाही हेच शिकवून गेला.

त्या आठवड्यात धुकं पडलं. बनारसचं धुकं एकदा बसलं की हलायचं नाव घेत नाही. चार दिवस खिडकीत ऊन आलं नाही, त्यामुळे कुणाला नाही म्हणावं लागलं नाही. बरं वाटायला हवं होतं. दिनानाथ शाल गुंडाळून नुसते बसून राहत आणि शरदिनी त्यांच्याकडे बघून म्हणे, “तबियत बरी नाही का? मग लोक आले की कुरकुर करता, नाही आले की तोंड पाडता, असं कसं?”

बुधवारी वैदेहीबाईंचा पुन्हा फोन आला. त्या आईवडिलांना घेऊन काशीला येत होत्या, शुक्रवारी सकाळी अकराला दुर्गाघाटावर पोचतील.

“काका, एक विचारायचं होतं. रागावू नका,” त्या म्हणाल्या. “दोन सिंहांची बहुतेक नाणी बनावट निघतात, तुम्हाला माहीतच आहे. तुम्ही काठाच्या आतली बाजू बघितली असणार. आणि वाजवूनही.”

“म्हणजे काय?” दिनानाथ म्हणाले. “चाळीस वर्षं हेच करतोय मी.”

फोन ठेवला आणि ते तिथेच खुर्चीवर टेकले. काठ बघितला नव्हता. वाजवलं नव्हतं. जास्तीचं वजन कुंकवाच्या नावावर टाकलं होतं. नावाड्याला, दूधवाल्याला, त्या बँडवाल्याला ज्यांनी एका नजरेत उडवून लावलं होतं, त्यांनी स्वतःच्या मित्राच्या नाण्यापुढे डोळे मिटले होते. हे चौदा वर्षांत एकदाही मनात आलं नाही, असं ते स्वतःला सांगत होते; आणि ते खरं नाही हेही त्यांना कळत होतं.

शुक्रवारी साडेदहाला ते वहिनींकडे गेले. आदल्या दिवशी शेवटचा गुरुवार झाला होता. खोलीत अजून उदबत्तीचा वास होता. अंबिका देव्हाऱ्यासमोर खुर्ची घेऊन बसली होती. खाली बसणं तिचं केव्हाच सुटलं होतं.

“वहिनी, आज अमावास्या नाही, एकादशी नाही, गुरुवारही नाही,” दिनानाथ म्हणाले. “ती बाई अकराला यायची आहे. नाणं द्या.”

“मला विकायचं नाही, भावजी.”

“तुम्हाला जिना उतरता येत नाही!”

“नाही तर नाही. वरूनच नमस्कार करते गंगेला.”

“गोपीही असंच म्हणत होता आणि गेला,” दिनानाथांचा आवाज चढला. “त्याच्या हट्टाने तुमचं काय झालं ते दिसतंय ना? का सगळ्यांनी मिळून मला छळायचंच ठरवलंय?”

दिनानाथांनी आंघोळ केलेली होती. त्यांनी पुढे होऊन देव्हाऱ्यातल्या तबकातून नाणं स्वतःच उचललं आणि खिडकीशी नेलं. तिसऱ्या मजल्यावर धुकं जरा विरळ होतं. त्यांनी खिशातलं भिंग काढलं. काठात हळदकुंकू होतं, तेव्हासारखंच. पण मागच्याच महिन्यात उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेला, नजर कोवळ्या पोरासारखी लख्ख झालेली. त्यांनी नाणं एकदा फिरवलं, पुन्हा फिरवलं.

वर्षानुवर्षं वाहिलेलं कुंकू कुठे जाड बसतं, कुठे उडतं. बोट जिथे टेकतं तिथे जास्त, खाली अजिबात नाही. हे सगळीकडे सारखं होतं. दोन्ही अंगांना, गोल, काठाच्या आत नीट दाबून भरलेलं, काडीने लिंपल्यासारखं. आणि एका जागी तर ओलं होतं. आपोआप झालेलं काय आणि कुणी केलेलं काय, एवढं एकच काम तर त्यांना जन्मभर येत होतं.

“वहिनी, हे आज भरलंय तुम्ही.”

अंबिकेने मान खाली घातली.

“पाणी द्या जरा.”

“नका धुऊ, भावजी. तुमच्या पाया पडते.”

त्यांनी देवापुढच्या पंचपात्रीतलं पाणी घेतलं आणि आयुष्यात पहिल्यांदा एक नाणं धुतलं. कुंकू वाहून गेलं. एका अंगाला काठाच्या आत, पूर्ण गोल, केसाएवढी काळी रेघ होती. तरीही त्यांनी ते फरशीवर टाकलं. ते वाजलं नाही. सदऱ्याचं बटण पडावं तसा आवाज आला, आणि ते खाटेखाली घरंगळत गेलं.

दिनानाथ खाली बसले. “मी चुकलो, वहिनी,” ते म्हणाले. “बनावट आहे. मला तेव्हाच बघायला हवं होतं. तुमच्या गुडघ्यांची आशा लावून बसलो आणि हे...”

“मला माहीत आहे,” अंबिका म्हणाली. “पहिल्या दिवाळीपासून माहीत आहे.”

दिनानाथांनी नाण्यासाठी खाटेखाली घातलेला हात तसाच मागे घेतला.

“ह्यांनी लक्ष्मीपूजनाला गरम पाण्याने अभिषेक केला तिला. रेघ दिसली. मग ह्यांनीच फरशीवर टाकून बघितलं, आणि असे हसले, असे हसले, की मला वाटलं वेड लागलं. म्हणाले, कुणीतरी आपल्याला खोटी लक्ष्मी दक्षिणेत दिली आणि दिन्याने तिला सर्टिफिकेट दिलं. मी म्हटलं, मग सांगून या भावजींना. तर गप्पच झाले एकदम.” अंबिका पदराने हात पुसत होती, हात कोरडेच होते. “तुमच्या बातमीला तेव्हा चारच महिने झाले होते. तुम्ही त्या पेपरच्या दहा प्रती घेतल्या होत्या. हे म्हणाले, पाठशाळेत ह्याला सगळ्यांसमोर कान धरून उभं करायचे, रोज. जन्मात एकदा चारचौघांत नाव झालंय. मी नाही सांगणार, आणि तूही नाही सांगायचं. मग मी काठात कुंकू भरायला लागले. तुम्ही येता-जाता नजर टाकायचात ना.”

खाली गल्लीत कुणीतरी भाजीची आरोळी देत चाललं होतं. दिनानाथांनी खाटेच्या कडेला पाठ टेकली.

“मग लखनौला जायचं म्हटलं तेव्हा...”

“काय सांगणार होते ते? विकायला काढलं असतं तर तुमचंच नाव गेलं असतं. म्हणून लक्ष्मी विकत नाहीत म्हणाले. दुसरं काही सुचलं नाही त्यांना.”

“मी त्याला मर म्हणालो, वहिनी.”

“मी इथेच होते,” अंबिका म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, नुसता शीण होता. “तुम्ही गेल्यावर मला म्हणाले, दिन्या चिडलाय, दोन दिवसांत येईल, त्याला कांदेपोहे आवडतात, पोहे निवडून ठेव. मी ठेवले निवडून. तुम्ही आला नाहीत. तर म्हणाले, दुकानात गर्दी असेल त्याच्या. तुमच्या त्या खिडकीला ते दुकान म्हणायचे. नंतरही रोज सव्वादहा झाले की जिन्याकडे कान लावून बसायचे. शेवटचे दोन दिवस शुद्ध नव्हती, तेव्हा नाही बसले.”

दिनानाथांना तिच्याकडे बघवेना. ज्याच्यावर त्यांनी दोन वर्षं राग धरला तो शुद्ध असेपर्यंत रोज जिन्याकडे कान लावून होता, आणि दुर्गाघाटाहून संकठाघाट चालत सहा मिनिटांवर आहे. कुणी अडवलं नव्हतं. ते गेले नाहीत, एवढंच. ही टांकसाळीतली चूक नव्हती. हे त्यांनी स्वतः केलं होतं.

फोन वाजला. वैदेहीबाई ब्रह्माघाटाशी पोचल्या होत्या, पुढची गल्ली सापडत नव्हती.

“ताई, ते नाणं खोटं आहे,” दिनानाथ म्हणाले. “मी चिठ्ठी दिली होती, ती चुकीची आहे. मी काठ बघितला नव्हता. तुमच्याशी परवा खोटं बोललो. माफ करा.”

मग त्या म्हणाल्या, “काका, इतक्या वर्षांत कुणीच वाजवून नाही बघितलं?”

“बघितलं होतं,” दिनानाथ म्हणाले. “मला सांगितलं नाही फक्त.”

बाईंना काय कळलं कोण जाणे. त्या म्हणाल्या, हरकत नाही, मग आम्ही परस्पर विश्वनाथालाच जातो.

“जाऊ नका,” दिनानाथ घाईने म्हणाले. “आलाच आहात तर घरी या. माझ्याकडे त्रेसष्ट नाणी आहेत. सगळी धड आहेत, एकूणएक वाजवलेली. हवी ती घ्या. मी विकतोय.”

अंबिका खुर्चीचे हात धरून उठायला लागली. “भावजी, माझ्या गुडघ्यांसाठी तुमचा डबा विकायचा नाही. मी सांगून ठेवते. ह्यांना आवडायचं नाही ते.”

“गुडघ्यांसाठी कोण विकतंय?” दिनानाथ म्हणाले. “मी ते अकरा दिवस...”

रडू आवरेना, तसे ते भिंतीकडे तोंड करून रडले, आणि अंबिका एका हाताने खिडकीचा गज धरून, दुसरा त्यांच्या खांद्यावर ठेवून, दुखऱ्या पायांवर उभी राहिली. फोन अजून चालूच होता. त्यातून वैदेहीबाई विचारत होत्या की काका, गल्लीत डावीकडे वळायचं की उजवीकडे.